शिनेड ओ'कॉनर : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनर हिचं एखादं गाणं कुणाला पाठवलं की दोन दिवसांत तेच तेच प्रश्न परत येतात. ती टकलू का होती, पोपचा फोटो का फाडला, मग पुढे तिचं काय झालं. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. गाण्यांबद्दल जरा जास्तच लिहिलंय, कारण लोकांना तिची भांडणं माहितीयत आणि गाणं मात्र एकच माहितीये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाव नक्की कसं म्हणायचं?

शिनेड. सिनीड नाही, सायनेड तर अजिबात नाही. आयरिश भाषेत इ-ए च्या आधी 'स' आला की त्याचा 'श' होतो, आणि इंग्रजी स्पेलिंगमधून ते कळतच नाही. आपल्या देवनागरीत मात्र जसं म्हणतात तसंच लिहिता येतं. पूर्ण नाव शिनेड मरी बर्नाडेट ओ'कॉनर, जन्म ८ डिसेंबर १९६६, डब्लिन. शिनेड हे नाव आयर्लंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा यांच्या पत्नीवरून ठेवलेलं, आणि बर्नाडेट हे लूर्दच्या संत बर्नाडेटवरून. म्हणजे बारशातच देश आणि धर्म दोन्ही आले, आणि पुढे आयुष्यभर तिचा झगडा याच दोघांशी झाला.

घरची परिस्थिती कशी होती?

पैशाची चणचण नव्हती. वडील इंजिनिअर होते, नंतर वकील झाले. पाच भावंडांत ही तिसरी. मोठा भाऊ जोसेफ ओ'कॉनर हा आज आयर्लंडचा नावाजलेला कादंबरीकार आहे. पण आई मुलांना मारायची, आणि मारायची म्हणजे आपण सहज म्हणतो तसं धपाटे घालणं नव्हे, शिनेडने आयुष्यभर जे सांगितलं ते वाचताना तिचं आत्मचरित्र मध्येच बंद करून ठेवावं लागतं. १९७५ मध्ये आईवडील वेगळे झाले. तेव्हा आयर्लंडमध्ये घटस्फोटाचा कायदाच नव्हता, तो १९९५ च्या सार्वमतानंतर आला तोही काठावर पास होऊन, आणि त्यासाठी चाललेल्या चळवळीत तिचे वडील पुढे होते.

फेब्रुवारी १९८५ मध्ये आई कार अपघातात गेली. शिनेड तेव्हा १८ वर्षांची. तिची गाणी ऐकताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, कारण जिने छळलं तिच्याचसाठी ती पुढची पस्तीस-चाळीस वर्षं रडत राहिली आणि तिच्या आवाजात जो राग आणि जी माया एकदमच ऐकू येते ती तिथूनच येते असं मला वाटतं.

ती सुधारगृहात होती म्हणतात ते खरं का?

हो. शाळा बुडवणं आणि दुकानातून वस्तू उचलणं यावरून १४-१५ व्या वर्षी तिला डब्लिनच्या ड्रमकोंड्रा भागातल्या अन ग्रियानान नावाच्या संस्थेत ठेवलं. संस्था नन्सची. जवळपास दीड वर्ष ती तिथे होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. ही संस्था ज्या हाय पार्क आवारात होती तिथेच मॅग्डलीन लॉन्ड्री होती. मॅग्डलीन लॉन्ड्री म्हणजे लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, किंवा नुसत्या 'वाया जातील' अशी इतरांना भीती वाटलेल्या मुलींना डांबून, बिनपगारी कपडे धुवायला लावायच्या जागा. कित्येकजणी तिथेच म्हाताऱ्या झाल्या आणि तिथेच गेल्या. शिनेडला एकदा शिक्षा म्हणून रात्री अशाच आजारी म्हाताऱ्या बायकांच्या खोलीत झोपायला पाठवलं होतं, बायका रात्रभर हाका मारतायत आणि यायला कुणी नाही. वागणूक सुधारली नाही तर तुझंही हेच होईल, हे तिला दाखवायचं होतं, असं ती सांगायची.

पण तिथेच सिस्टर मार्गारेट नावाच्या ननने तिला गिटार घेऊन दिली आणि बॉब डिलनच्या गाण्यांचं पुस्तकही दिलं. या ननबद्दल शिनेड शेवटपर्यंत प्रेमाने बोलली. चर्चचा तिला सरसकट तिटकारा होता असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

१९९३ मध्ये याच हाय पार्कची जमीन विकताना तिथली कबरस्थानं उकरली तेव्हा १५५ बायकांचे अवशेष निघाले, आणि त्यातल्या कित्येकींच्या मृत्यूची सरकारदरबारी नोंदच नव्हती. ही तारीख पोपच्या फोटोच्या प्रश्नापाशी परत येईल.

गाण्यात कशी आली?

एका लग्नात गायली. तिथे इन तुआ नुआ नावाच्या बँडच्या ड्रमरने ऐकलं, बँडसाठी एक गाणं लिहायला तिचा हातभार लागला, पण वय फारच कमी म्हणून बँडमध्ये घेतलं नाही. मग १९८४ मध्ये टॉन टॉन मकूट हा तिचा स्वतःचा बँड, मग लंडनच्या एन्साइन रेकॉर्ड्सचा करार. यूटू या आयरिश बँडचा गिटारवादक एज याच्यासोबत १९८६ मध्ये एका सिनेमासाठी गायली.

टक्कल का केलं?

कंपनीच्या लोकांनी जेवायला नेऊन सांगितलं की केस वाढव आणि जरा मुलीसारखे कपडे घालत जा. ती उठून गेली ती थेट न्हाव्याकडे. खुद्द न्हाव्याला मशीन फिरवायचा धीर होत नव्हता असं तिने लिहिलंय. पुढे तिने आणखीही कारणं सांगितली, सुंदर दिसणं हे तिला सुरक्षित वाटायचं नाही वगैरे, पण नंतर मोजके अपवाद सोडले तर ती आयुष्यभर तशीच राहिली आणि म्हणायची की केस असले की मी मला मी वाटतच नाही.

पहिला अल्बम तिने स्वतःच प्रोड्यूस केला होता का?

हो, आणि हे फार कमी लोकांना माहितीये. कंपनीने नेमलेल्या प्रोड्यूसरने केलेलं रेकॉर्डिंग तिला पटलं नाही, ते सगळं बाजूला ठेवून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वय २०, पोटात पहिलं मूल, आणि मूल होऊ देऊ नकोस असं कंपनीने डॉक्टरमार्फत सुचवलं होतं असंही ती सांगायची. 'द लायन अँड द कोब्रा' १९८७ मध्ये आला. नाव बायबलच्या ९१ व्या स्तोत्रातून घेतलंय. त्यातल्या एका गाण्यात आयरिश गायिका एन्याच्या आवाजात आयरिश निवेदन आहे, तीही तेव्हा नवीनच होती.

त्यातलं 'ट्रॉय' हेडफोन लावून ऐका. साडेसहा मिनिटांचं आहे. सुरुवातीला नुसती व्हायोलिनं आणि तिचा अगदी बारीक आवाज, कानाशी येऊन काहीतरी कबूल करावं तसा, मग आवाज वर जातो, परत खाली, परत कुजबुज, आणि शेवटी ती जी ओरडते ते ओरडणं सुरात असतं हे कळायला मला तीन-चार वेळा ऐकावं लागलं. आधार आयरिश कवी येट्सच्या कवितेचा, पण गाणं आईबद्दल आहे. वीस वर्षांच्या मुलीने हे लिहिलंय.

'नथिंग कंपेअर्स टू यू' तिचंच ना?

गायलं तिने, लिहिलं अमेरिकन गायक प्रिन्सने. १९८५ मध्ये त्याच्याच 'द फॅमिली' या बँडच्या अल्बममध्ये ते आलं आणि कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. १९९० मध्ये शिनेडने गायलं आणि ते जगभर पहिल्या नंबरवर गेलं, अमेरिकेत चार आठवडे, आणि अल्बम 'आय डू नॉट वॉन्ट व्हॉट आय हॅवन्ट गॉट' सहा आठवडे.

व्हिडिओ जॉन मेबरीचा. काळा पोलोनेक, काळी पार्श्वभूमी, फक्त चेहरा. मध्ये मध्ये पॅरिसजवळच्या बागेत ती चालतानाचे तुकडे आहेत, पण मुळात बाग जास्त असणार होती आणि चेहरा कमी. मग शूटिंगमध्ये ते झालं. आईने अंगणात लावलेल्या फुलांची ओळ येते तिथे तिचे डोळे भरले आणि दोन थेंब गालावरून खाली आले, डाव्या-उजव्या दोन्ही. ठरवलेलं काहीच नव्हतं, आई आठवली असं ती म्हणायची. पुढचा शब्द गाताना ती क्षणभर खाली बघते, सावरते आणि परत कॅमेऱ्याकडे बघून गाते. ते सावरणं बघा, रडणं सगळ्यांनीच बघितलंय.

प्रिन्सला तिचं गाणं आवडलं का असं बरेच जण विचारतात. त्यांची भेट झाली होती आणि ती वाईट झाली, शिनेडने आत्मचरित्रात ती रात्र सविस्तर लिहिलीये आणि ती भीतीदायक आहे.

मग तिने स्वतः काय लिहिलं?

जवळजवळ सगळं. त्याच अल्बममध्ये 'ब्लॅक बॉइज ऑन मोपेड्स' आहे, नुसत्या गिटारवर, थॅचरच्या काळातल्या लंडनमधल्या पोलिसांबद्दल. अल्बमच्या आतल्या बाजूला कॉलिन रोचच्या आईवडिलांचा फोटो छापलाय, हा तरुण १९८३ मध्ये लंडनच्या एका पोलीस स्टेशनात गोळी लागून मेला होता. 'द लास्ट डे ऑफ अवर अक्वेंटन्स' हे लग्न मोडताना ऑफिसात सह्या करायला बसलेल्या बाईचं गाणं आहे, दोनच कॉर्ड्स आणि अर्ध्याच्या पुढे एकदम ड्रम्स. तिसरं 'आय अॅम स्ट्रेच्ड ऑन युअर ग्रेव्ह', यातले शब्द सतराव्या शतकातल्या आयरिश कवितेचे, खाली जेम्स ब्राउनच्या रेकॉर्डवरचा ड्रम्सचा ठेका, आणि शेवटी एकदम फिडल घुसतं. लोकगीत आणि हिपहॉप असं जोडायचं तेव्हा फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ग्रॅमी खरंच नाकारलं?

हो. १९९१ मध्ये चार नामांकनं होती, ती गेलीच नाही, संगीताचा धंदा झालाय असं पत्र लिहून कळवलं. बेस्ट अल्टरनेटिव्ह या तेव्हा नव्याने सुरू झालेल्या विभागाचं बक्षीस तिला मिळालं, तिने ते घेतलं नाही. त्याआधी १९८९ च्या ग्रॅमीत ती गायली तेव्हा डोक्याच्या बाजूला पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपचं चिन्ह रंगवून गेली होती, कारण रॅपचं पहिलंवहिलं बक्षीस टीव्हीवर दाखवणार नव्हते आणि रॅपवाल्यांनी बहिष्कार टाकला होता. गोऱ्या आयरिश मुलीला त्यात पडायची काय गरज होती? तिला होती.

पोपचा फोटो का फाडला?

३ ऑक्टोबर १९९२, न्यूयॉर्क, 'सॅटरडे नाइट लाइव्ह'. कार्यक्रम थेट प्रक्षेपणाचा. पांढरा लेसचा ड्रेस, शेजारी मेणबत्त्या, वाद्य एकही नाही. ती बॉब मार्लेचं 'वॉर' गायली, ज्याचे शब्द मुळात इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्या १९६३ च्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणाचे. त्यात वंशवादाच्या जागी तिने मुलांवरचे अत्याचार आणले. रंगीत तालमीत तिने शेवटी एका लहान मुलाचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला होता म्हणून कुणाला संशय आला नाही. प्रत्यक्षात पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो काढला, तुकडे केले, कॅमेऱ्याकडे टाकले आणि खऱ्या शत्रूशी लढा म्हणाली. मग मेणबत्त्या विझवल्या. स्टुडिओतल्या प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगणारा दिवा कुणी लावलाच नाही. स्टुडिओत आवाज नाही.

तो फोटो तिच्या आईच्या खोलीतल्या भिंतीवरचा होता. आई गेल्यावर तिने तो काढून आणला आणि सात वर्षं घर बदललं तरी सोबत ठेवला, कधीतरी फाडायचाच म्हणून. आपल्याकडच्या घरात देवघराचं जे स्थान तेच तेव्हाच्या आयरिश घरात त्या फोटोचं. म्हणजे ज्या घरात मुलांना मार पडत होता त्याच घरात तो भिंतीवरून बघत होता, आणि ज्या संस्थांमध्ये मुलं भोगत होती तिथेही. चर्चला हे सगळं ठाऊक आहे आणि ते लपवतायत एवढंच तिला म्हणायचं होतं.

आता तारखा बघा. हाय पार्कच्या कबरी १९९३. आयर्लंडमध्ये सरकारी चौकशीचे रायन आणि मर्फी हे दोन मोठे अहवाल २००९. पोप बेनेडिक्ट यांचं आयरिश कॅथलिकांना माफीचं पत्र मार्च २०१०. मॅग्डलीन बायकांची आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत मागितलेली माफी फेब्रुवारी २०१३. शिनेड १९९२ मध्ये बोलली होती.

तिला शहाणपणाने, वेगळ्या पद्धतीने सांगता आलं असतं असं म्हणणारे आजही भेटतात. शहाणपणाने सांगणाऱ्यांचं तेव्हा कुणीच ऐकत नव्हतं हो, अहवालांमध्ये पानंच्या पानं त्याचीच भरलीयत.

नंतर लोक काय म्हणाले?

चॅनलने कायमची बंदी घातली. पुढच्याच आठवड्यात त्याच कार्यक्रमात अभिनेता जो पेशी चिकटवलेला फोटो घेऊन आला आणि मी असतो तर तिला एक ठेवून दिली असती असं म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्यूयॉर्कमध्ये तिच्या रेकॉर्ड्सवर रोडरोलर फिरवला.

१६ ऑक्टोबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या कारकिर्दीला ३० वर्षं झाल्याचा मोठा कार्यक्रम होता. तोच डिलन, ज्याचं पुस्तक ननने दिलं होतं. ती स्टेजवर आली आणि हूटिंग सुरू झालं, थांबेचना. पियानोवाला सुरुवात करायला बघतोय, ती हात करून थांबवतेय. गायक क्रिस क्रिस्टॉफरसनला सांगितलं होतं की तिला खाली घेऊन ये, तो गेला आणि कानात म्हणाला की या हरामखोरांपुढे वाकू नकोस. मग तिने ठरलेलं डिलनचं गाणं सोडलं, माइक वाढवायला सांगितला आणि 'वॉर' जवळजवळ ओरडूनच म्हटलं. खाली उतरल्यावर ती त्याच्या गळ्यात पडून रडली. २५ वर्षांची होती. मला तो व्हिडिओ एका दमात अजूनही बघता येत नाही.

म्हणजे तिथे करिअर संपलं?

अमेरिकेतल्या विक्रीच्या हिशोबाने बऱ्यापैकी, हो. तिचं स्वतःचं मत उलट होतं. तिने लिहून ठेवलंय की नंबर वन गाण्यामुळे गाडी रुळावरून घसरली आणि फोटो फाडल्यामुळे परत रुळावर आली, कारण तिला पॉपस्टार व्हायचंच नव्हतं, निषेधाची गाणी म्हणायची होती. मी आधी हे नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं समजायचे. पुढचे अल्बम ऐकल्यावर पटलं.

पुढचे कुठले अल्बम ऐकावेत?

'युनिव्हर्सल मदर', १९९४, माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम. त्यातलं 'फायर ऑन बॅबिलॉन' आईवर आहे. 'फॅमिन' मध्ये ती आयर्लंडच्या दुष्काळाबद्दल जवळजवळ रॅप करते, की बटाटे सडले हे खरं पण बाकीचं अन्न बंदोबस्तात देशाबाहेर जात होतं, आणि ज्या देशाला आपलं दुःख नीट आठवू दिलं नाही तो मार खाल्लेल्या मुलासारखा वागतो. मग २००२ चा 'शान-नोस नुआ', सगळी जुनी आयरिश गाणी. २००५ चा 'थ्रो डाउन युअर आर्म्स' जमैकातल्या किंग्स्टनला जाऊन स्लाय आणि रॉबी या जोडीसोबत केलेला, निव्वळ रेगे. त्याआधी, १९९३ च्या सुमारास, तिने डब्लिनमध्ये बेल कांतो ही इटालियन ऑपेराची गायकी शिकून घेतली, म्हणजे सगळं जग ओळखायला लागल्यावर परत विद्यार्थी होऊन बसली. शेवटचा अल्बम २०१४ चा.

'टेक मी टू चर्च' तिचंच गाणं ना?

याच नावाची दोन गाणी आहेत म्हणून घोळ होतो. जे सगळीकडे वाजतं ते होझियरचं, २०१३ चं. तोही आयरिश. शिनेडचं २०१४ चं, पूर्ण वेगळं, आणि छान आहे.

ती धर्माच्या विरोधात होती ना, मग पाद्री कशी झाली? आणि मुसलमान?

विरोधात ती चर्चच्या सत्तेच्या होती, देवाच्या कधीच नाही. १९९९ मध्ये रोमशी फारकत घेतलेल्या एका बिशपने तिला लूर्दमध्ये दीक्षा दिली, रोमने ती मानली नाही. जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या विचारांचा प्रभाव होताच. २०१८ मध्ये तिने इस्लाम स्वीकारला आणि शुहदा सदाकत हे नाव घेतलं, स्टेजवर मात्र शिनेडच राहिली. लोक हसले की दर काही वर्षांनी हिचं नवीन. मला त्यात एकच सलग शोध दिसतो, आणि तिचा २००७ चा 'थिऑलॉजी' अल्बम ऐकलात तर तुम्हालाही दिसेल.

मानसिक आजाराबद्दल काय?

तिने कधी लपवलं नाही. २००७ मध्ये टीव्हीवर बायपोलरचं निदान सांगितलं, नंतर इतर डॉक्टरांचं मत वेगळं पडलं तेही सांगितलं. वाईट काळात ती इंटरनेटवर उघड मदत मागायची आणि लोक त्याच्या बातम्या करायचे. जानेवारी २०२२ मध्ये तिचा १७ वर्षांचा मुलगा गेला. यावर आणखी काही लिहिणार नाही.

मृत्यू कशाने झाला?

२६ जुलै २०२३, लंडनमधल्या घरी, वय ५६. त्यावेळी नाही नाही ते तर्क लढवले गेले, पण मृत्यू नैसर्गिक होता हे कॉरोनरने जाहीर केलं, फुप्फुसाचा जुना आजार आणि दमा. कृपया बाकीचं पसरवू नका. त्याच वर्षी मार्चमध्ये आयर्लंडने तिच्या दुसऱ्या अल्बमला क्लासिक आयरिश अल्बम म्हणून गौरवलं, तो पुरस्कार तिने हातात घेतला आणि निर्वासितांना अर्पण केला.

८ ऑगस्टला डब्लिनजवळच्या ब्रे गावातून अंत्ययात्रा निघाली. समुद्राकाठचा रस्ता, तिचं जुनं घर, दुतर्फा माणसं. पुढे एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन, टपावर स्पीकर, आणि त्यावर बॉब मार्ले. नमाज इमामांनी पढला, आयर्लंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स हजर होते.

मी आजच ऐकायला सुरुवात करणार असेन तर?

'नथिंग कंपेअर्स' आज नको, ते तुम्ही ऐकलेलंच आहे. आधी 'थ्री बेबीज', मग 'ट्रॉय', मग 'थँक यू फॉर हिअरिंग मी', जे ब्रेकअपचं गाणं आहे आणि ज्यात जवळजवळ प्रत्येक ओळ थँक यूने सुरू होते. मनगटावर किंवा फोनवर काही बघू नका. आणि ती गेल्यावर बीबीसीच्या 'द वुमन इन द वॉल' या मॅग्डलीन लॉन्ड्रीवरच्या मालिकेच्या शेवटच्या भागात तिचं एक गाणं पहिल्यांदा वाजलं, तिने ते आधीच देऊन ठेवलेलं, त्याचं नाव 'द मॅग्डलीन साँग'. ते सगळ्यात शेवटी ठेवा.